चौथ्या क्वार्टरला दम असतो, पाय नसतात

हॉकी खेळणाऱ्या मुलींना जिल्हा स्पर्धेपासून वरपर्यंत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "स्टॅमिना वाढवा." आणि स्टॅमिना वाढवायचा म्हणजे ग्राउंडला राउंड मारायचे, हे ठरलेलंच. मी शाळेत असल्यापासून हेच करत आले, राउंडमधे कायम पुढच्या तिघी-चौघींत असायचे, योयो टेस्टलाही, म्हणजे बीपच्या तालावर वाढत्या वेगाने जा-ये पळायच्या दमाच्या टेस्टला, नंबर वरचा. तरीपण मॅचच्या शेवटच्या क्वार्टरला समोरची विंगर, म्हणजे कडेने खेळणारी फॉरवर्ड, बॉल पुढे टाकून निघाली की मी तिच्या मागे एक पाऊल, दीड पाऊल राहायचे आणि ते पाऊल काही केल्या भरून निघायचं नाही. बाहेरून बघणाऱ्यांना वाटायचं, दमली ही. पण श्वास ठीक असायचा, पायच उचलायचे नाहीत. यंदा सीझनच्या आधी आमच्या संघाने रीतसर टेस्ट घेऊन स्प्रिंट आणि उड्यांचा सलग कार्यक्रम केला, तेव्हा कुठे नीट कळलं की दम आणि पाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीची तयारी वेगवेगळी करावी लागते. पुण्यातल्या बऱ्याच मुली विचारतायत की नक्की काय केलं, म्हणून सगळं लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

हॉकीतलं पळणं मुळात राउंडसारखं नसतंच. ग्राउंड ९१.४ बाय ५५ मीटर, १५ मिनिटांचे चार क्वार्टर, सब, म्हणजे बदली खेळाडू, कितीही वेळा आत-बाहेर. मॅचमधे आपण बराचसा वेळ चालत किंवा हळू पळत असतो, तेही कंबरेत वाकून, आणि मधेच दहा-वीस मीटरचा जीव खाऊन स्प्रिंट येतो, दोन-तीन सेकंदांचा. तो झाला की कधी मिनिटभर काही नाही आणि कधी लगेच दुसरा, तिसरा, चौथा, कारण बॉल आपल्याच बाजूला अडकलेला असतो. मॅच हातातून जाते ती अशा सलग आलेल्या स्प्रिंटमधेच. एकटा स्प्रिंट तर कुणीही मारतं, पाचवा कसा मारता हा प्रश्न आहे.

टेस्ट नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमला झाली. मी सिंहगड रोडला राहते, त्यामुळे स्वारगेटहून सकाळची मेट्रो, संत तुकाराम नगरला उतरून पुढे रिक्षा. आमच्या ट्रेनर मॅडमनी टायमिंग गेट, म्हणजे मधून पळत गेलं की आपोआप वेळ नोंदवणारे खांब, मागवले होते, कारण हातातल्या स्टॉपवॉचने बटण दाबण्यातच दीड-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात आणि आम्ही शोधत होतो तो फरक तेवढाच असतो. ३० मीटरचे सहा स्प्रिंट, दर २५ सेकंदांनी पुढचा सुरू. म्हणजे पाच सेकंद पळायचं आणि उरलेल्या वीसेक सेकंदांत थांबायचं, वळायचं आणि परत लाइनवर यायचं. ऐकायला काहीच वाटत नाही. एकूण पळणं १८० मीटर, एक राउंडपण नाही.

माझे आकडे जसेच्या तसे देते: ४.८४, ४.९३, ५.०८, ५.२४, ५.३७, ५.४६. पहिल्यात आणि शेवटच्यात सहा दशांशांचा फरक. सहाही स्प्रिंट पहिल्यासारखे पळाले असते तर एकूण २९.०४ सेकंद व्हायला हवे होते, झाले ३०.९२, म्हणजे साडेसहा टक्के घसरण. सहावा संपल्यावर मॅडमनी विचारलं, "दम लागलाय का गं?"

"नाही मॅडम, दम आहे. पाय उचलत नाहीयेत."

"मग राउंड मारून काय होणारे?" एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला लाइनवर बोलावलं.

नंतर त्यांनी सगळ्यांना टर्फवर गोल बसवून समजावलं. स्प्रिंटसाठी लागणारी झटपट ताकद स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते आणि त्याचा साठा काही सेकंदांपुरताच असतो. सोसायटीच्या गच्चीवर छोटी टाकी असते ना, तसं ते आहे, नळ पूर्ण सोडला की भसकन रिकामी होते आणि खालून मोटर पाणी चढवते ते हळूहळू. निम्मी भरायलाच अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं, पूर्ण भरायला काही मिनिटं. दुसरा स्प्रिंट वीस सेकंदांत आला की अर्धवट टाकीवरच पळायचं. आणि ही मोटर चालते ऑक्सिजनवर. म्हणून राउंड, लांब पळणं हे वाया गेलेलं नाही, दोन स्प्रिंटच्या मधली भरपाई त्याच्याच जोरावर होते, पण टाकी रिकामी करायची आणि तशीच परत पळायची सवय राउंडमधून पायांना लागत नाही. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातला बराच गुंता सुटला.

दुसरी टेस्ट उडीची. आमच्यातल्या निम्म्या मुलींनी लगेच विचारलं, हॉकीत कुठे उडी मारतो आपण, व्हॉलीबॉल आहे का? प्रश्न बरोबर आहे. पण जागेवरून पहिली तीन पावलं टाकताना पाय जमिनीला जो धक्का देतात तो आणि उडीतला धक्का एकाच ठिकाणाहून येतो, मांड्या, पार्श्वभाग, पोटऱ्या. फर्स्ट रशरचं, म्हणजे समोरच्यांच्या पेनल्टी कॉर्नरला गोलमधून सगळ्यात आधी बॉलवर धावून जाणारीचं, काम बघा म्हणजे कळेल. पेनल्टी कॉर्नरला मास्क घालून, नी गार्ड बांधून गोलच्या आत उभं राहायचं, पाय बॅकलाइनच्या मागे, स्टिक खाली, नजर इंजेक्ट करणाऱ्या, म्हणजे बॅकलाइनवरून बॉल आत ढकलणाऱ्या, मुलीच्या हातावर. तिने बॉल हलवला की सुटायचं. बॉल डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, टोकाशी, साधारण १५ मीटरवर, थांबवला जातो आणि फ्लिक, म्हणजे स्टिकने उचलून फेकलेला गोलवरचा फटका, सुटतो, या सगळ्याला जेमतेम दीड-दोन सेकंद. तेवढ्यात जितकं पुढे जाता येईल तितका फ्लिकरचा अँगल बंद होतो. इथे टॉप स्पीडचा काही संबंधच येत नाही, सगळं पहिल्या तीन-चार पावलांत. टोकियो ऑलिंपिकला २ ऑगस्ट २०२१ ला आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवलं, गुरजीत कौरचा गोल दुसऱ्या क्वार्टरमधला, त्यानंतर उरलेली सगळी मॅच ती आघाडी धरून ठेवायची होती. मी ती मॅच परत बघितली तेव्हा बॉल सोडून फक्त शेवटच्या क्वार्टरमधल्या रशर बघितल्या. थकलेल्या असताना त्या तशाच सुटत होत्या. त्या टीमबरोबर वेन लोम्बार्ड हे सायंटिफिक ॲडव्हायजर होते, वर्षानुवर्षं याच गोष्टींवर काम चाललं होतं, नुसती जिद्द म्हणून सोडून देणं मला त्या मुलींच्या मेहनतीवर अन्याय वाटतो.

तर उडी. भिंतीला खडू लावून पण मोजता येते, आम्ही फोनच्या स्लो मोशनने मोजली. सेकंदाला २४० फ्रेम, पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या, त्यावरून हवेतला वेळ निघतो, आणि त्या वेळेच्या वर्गाला ९.८१ ने गुणून ८ ने भागलं की उंची मीटरमधे. मी हवेत ०.४७ सेकंद, म्हणजे २७ सेंटीमीटर. हात कंबरेवर ठेवायचे, नाहीतर हाताच्या झोक्याने उंची वाढते, आणि खाली येताना पाय सरळच ठेवायचे, गुडघे पोटाशी घेतले की हवेतला वेळ खोटा वाढतो. मग दुसऱ्या प्रकारची उडी, अर्धं बसून तीन सेकंद थांबायचं आणि तिथूनच वर, परत खाली दबायचं नाही. ती माझी २६. मॅडमना २७ पेक्षा या फरकात जास्त रस होता. पटकन खाली दबून वर गेल्यावर स्नायू आणि टेंडन रबरासारखे ताणून परत आखडतात आणि फुकटची ताकद मिळते, ती मला एकच सेंटीमीटर मिळत होती. म्हणजे ताकद आहे, पण झटका नाही. आमच्यात एक मुलगी आहे, घरी तालमीचं वातावरण, सलग शंभर बैठका सहज मारते, तिचंही हेच निघालं. बैठका उत्तम व्यायाम आहे, पण तो टिकाऊपणाचा, हळू लयीचा, त्यातून पाव सेकंदात जोर काढणं येत नाही.

पहिले काही आठवडे आम्हाला उंच उड्या मारूच दिल्या नाहीत. फक्त जिम आणि उतरणं. जिममधे स्क्वॉट, रोमेनियन डेडलिफ्ट, हिप थ्रस्ट, पोटऱ्यांचे रेझ आणि नॉर्डिक, ज्यात जोडीदारणीने घोटे धरायचे आणि आपण गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकायचं. नॉर्डिकने दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू अशी धरते की जिना उतरवत नाही, पण हॅमस्ट्रिंग वाचवायला यासारखं दुसरं काही नाही असं आता माझं ठाम मत आहे. उतरणं म्हणजे ३० सेंटीमीटरच्या बॉक्सवरून खाली उतरायचं आणि तिथेच गोठल्यासारखं थांबायचं. आवाज कमीत कमी. समोरून व्हिडिओ काढला तर आमच्यातल्या बऱ्याच जणींचे गुडघे टेकताक्षणी आत पडत होते, एकमेकींकडे झुकत होते. हे नुसतं दिसायला वाईट नाहीये. पळण्या-वळण्याच्या खेळांत मुलींचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं एक महत्त्वाचं लिगामेंट, फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी पटीने जास्त आहे आणि बऱ्याचदा कुणाचा धक्का न लागता, उतरताना किंवा एकदम दिशा बदलतानाच ते फाटतं. आमच्या आधीच्या कॅप्टन ताईचं तसंच झालं होतं, ऑपरेशन आणि पूर्ण सीझन बाहेर. म्हणून या उतरण्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. कमरेचे बाजूचे स्नायू बँड लावून मजबूत करायचे, पाऊल, गुडघा, कंबर एका रेषेत ठेवायचं, आधी दोन पायांवर, मग एका पायावर, मग उतरून लगेच वळून. टर्फवर पाणी मारलेलं असताना पण करून बघितलं, कारण मॅच ओल्या टर्फवरच असते.

मग खऱ्या उड्या आल्या. पोगो, म्हणजे गुडघे जवळजवळ सरळ ठेवून घोट्यातून टप टप टप. लांब उडी जागेवरून. छोट्या हर्डलवरून सलग. एका पायावर बाउंड, म्हणजे लांब ढांगा टाकत उड्या. एका सेशनला जमिनीला पाय लागण्याची मोजणी असायची, ऐंशी-शंभरच्या वर नाही, आणि दोन सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहायचं. हे सगळ्यांना फार जड गेलं. घाम नाही, धाप नाही, मग प्रॅक्टिस झाली कशी म्हणायची? एका मुलीचे बाबा रोज स्टँडवर बसून असतात, त्यांनी येऊन विचारलं, "आज काही करून घेतलं नाही का मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "काका, दमलेल्या पायाने उडी मारली की पाय दमलेली उडीच शिकतो." म्हणून उड्या नेहमी वॉर्मअपनंतर लगेच, ताज्या पायांवर, आणि पुढचं उड्यांचं सेशन किमान दोन दिवसांनी. नंतर घरी शिक्षा म्हणून दोनशे बेडूकउड्या मारायच्या नाहीत, हेही त्यांनी निक्षून सांगितलं. शिक्षेच्या बेडूकउड्या अजून बऱ्याच शाळांत चालतात, त्या कृपा करून बंद करा, गुडघे जातात पोरींचे.

स्प्रिंटचा भाग शेवटी. ३० मीटरचे सहा, मग चार मिनिटं आराम, परत सहा, आणि हळूहळू तिसरा सेट. सुरुवातीला मोकळ्या हाताने, नंतर स्टिक घेऊन, कारण स्टिक हातात आली की हात हलतच नाहीत नीट आणि पळण्याची ढब पूर्ण बदलते. पुढे पुढे १५ मीटर जाऊन कोनला वळून १५ परत. वळताना ब्रेक लावायला जी ताकद लागते ती सरळ पळण्यापेक्षा जास्त खाते, इथे ते उतरण्याचं सगळं काम उपयोगी पडलं. रविवारी वेताळ टेकडी, चढावर आठ-दहा सेकंदांचे स्प्रिंट आणि चालत खाली. चढावर पाय फार लांब पडत नाही त्यामुळे हॅमस्ट्रिंगवर ताण कमी आणि जोर मात्र पूर्ण लावावा लागतो. आणि आठवड्यातून एकदा चार विरुद्ध चार, २३ मीटरच्या पट्ट्यात, बॉल बाहेर गेला की आमचे कोच सर लगेच दुसरा आत टाकणार. हे सगळ्यात आवडतं, आपण स्प्रिंट मारतोय हे लक्षातच येत नाही.

आता एक गोष्ट जी मुलींच्या बाबतीत कुणी बोलत नाही. आमच्यापैकी काही जणींचे आकडे कितीही केलं तरी हलत नव्हते. पहिला स्प्रिंट छान, दुसऱ्यापासून घसरण. मॅडमनी सगळ्यांचं रक्त तपासून घ्यायला सांगितलं. माझं हिमोग्लोबिन १०.८ निघालं. बायकांत १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना ॲनिमिया निघाला होता, म्हणजे ११ जणींच्या संघात निम्म्याहून जास्त जणी त्यात असू शकतात आणि आपण त्यांना अजून दोन राउंड मारायला लावतो. ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी असेल तर दोन स्प्रिंटच्या मधे भरपाई होणार कशी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि आगेमागे तास-दोन तास चहा नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. प्रॅक्टिसनंतर अमृततुल्यला जायची सवय असलेल्या आम्हा सगळ्यांना हे अवघड गेलं, पण केलं. आईने अळिवाचे लाडू सुरू केले, रविवारचं मटण होतंच. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या, मनाने नको.

दुसरं, पाणी. एका ग्राउंडवर आम्ही खूप वर्षं खेळलो तिथे मुलींसाठी वापरण्यासारखं टॉयलेटच नव्हतं, म्हणून मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. एप्रिलमधे टर्फवर दहा वाजता असं कोरडं पळायचं आणि मग म्हणायचं मुलींत स्टॅमिना नाही. आणि पाळीच्या दिवसांबद्दल मॅडमनी सरळ एक वही ठेवली, ज्या दिवशी पोट दुखतंय, पाय जड आहेत त्या दिवशी तसं लिहायचं, त्या दिवशीचा कार्यक्रम हलका. कुणाला कारण सांगत बसावं लागलं नाही. आमच्या ज्युनियर मुली तर सुरुवातीला माझ्याकडे येऊन कुजबुजायच्या, "ताई, तू लिही ना माझं," नंतर स्वतःच लिहायला लागल्या.

सीझनच्या तोंडावर परत टेस्ट. शेवटचा आठवडा काम निम्म्यावर आणलं होतं, त्यामुळे पाय हलके होते. ४.७९, ४.८३, ४.९२, ४.९९, ५.०५, ५.०८. घसरण साडेसहावरून सव्वातीन टक्क्यांच्या आत. पहिला स्प्रिंट फक्त अर्ध्या दशांशाने सुधारला, पण सहावा जवळजवळ चार दशांशांनी, आणि ३० मीटरमधे चार दशांश म्हणजे दोन मीटरच्या वर. तेच ते मागचं दीड पाऊल. उडी ०.४७ वरून ०.५० सेकंद, म्हणजे साडेतीस सेंटीमीटरच्या थोडी वर, आणि थांबून मारलेली २७.५. नुसत्या ताकदीने मी दीड सेंटीमीटर कमावला, उरलेला झटक्याने आला. यातलं किती गोळ्यांचं आणि किती सरावाचं हे वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. सगळ्यांचं इतकं सुधारलं असंही नाही. आमच्या सेंटर फॉरवर्डची उडी तेवढीच राहिली, तिची मुळात चांगली होती, तिचं काम स्प्रिंटच्या सलगपणात झालं. गोलकीपरला तर वेगळाच कार्यक्रम हवा, बाजूला झेपावण्याचा, तो यंदा राहिलाच.

मॅचमधे फरक कुठे वाटला तर रशला. चौथ्या क्वार्टरला लागोपाठ कॉर्नर आले तरी तिसऱ्या वेळेला सुटताना पाय तसाच सुटतो. आणि विंगर पुढे गेली तरी मी वळून तिच्या खांद्याला असते, टॅकल जमो न जमो. वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ या सातारा जिल्ह्यातल्या मुली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडून भारताकडून खेळल्या, त्यांच्यासारखी सोय प्रत्येक क्लबला नसते हे मान्य. पण यातलं बहुतेक काम कोन, टेप, एक मजबूत बाकडं आणि स्लो मोशनवाला फोन एवढ्यात होतं, गेट नसले तर फिनिशला फोन ठेवून फ्रेम मोजा.

सीझन चालू असताना आता आठवड्याला स्प्रिंटचं एकच सेशन आणि उड्या थोड्याच, पण दर सोमवारी वॉर्मअपनंतर तीन उड्या मोजतो. नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खाली आली की ती मुलगी त्या दिवशी फक्त स्टिकवर्क करते, पळत नाही. पुढच्या महिन्यापासून सतरा वर्षांखालच्या मुलींचं सुरू करतोय, त्यांना आधी फक्त उतरणं आणि रक्ततपासणी, स्प्रिंट नंतर.